सहा कांड्यांचा शब्द

आमच्या दाजींच्या हातून आजवर एकही लांब इंग्रजी शब्द अखंड सुटलेला नाही. माणसं सुटली आहेत. गॅसवर दूध ठेवलंय म्हणून, पोटात कळ आली म्हणून, खोटाच फोन कानाला लावून सुटली आहेत. शब्द सुटलेला नाही. औषधाच्या खोक्यावर, एसटीच्या पाठीवरच्या जाहिरातीत, लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाखाली, कुठंही वीतभर लांबीचा इंग्रजी शब्द दिसला की दाजी थांबतात, चष्मा वर ढकलतात आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागतात. मग ते त्या शब्दाचे तुकडे पाडतात. एका तुकड्याला एक टिचकी. टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर समोरच्याच्या खांद्यावर. माझ्या गिरणीत ते वजनकाट्यावर टिचक्या मारतात. तोवर काटा हलत राहतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघत राहतं.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नवऱ्याचे दाजी म्हणून माझेही दाजी, आणि आता गेवराईतल्या आमच्या सगळ्या गल्लीचेच दाजी. त्यांनी चकलांब्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तिथंच दोन खोल्यांचं घर बांधलं आणि तिथूनच निवृत्त झाले. मूलबाळ नाही. नणंद आठ वर्षांपूर्वी गेली. उंच, काटक माणूस. कायम पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक हटकून गळणारं. खिशाखाली निळा डाग असतोच. नणंद होती तेव्हा तो आठवड्याला नवा असायचा, आता जुनाच असतो. बोलताना आवाज वर्गातला, म्हणजे शेवटच्या बाकाला ऐकू जाईल इतका. गिरणी चालू असताना मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येतं, एवढा एक फायदा.

शब्द तोडायचा हा उद्योग त्यांना शाळेतच लागला. चकलांब्याच्या बाजूची पुष्कळ घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन साखर कारखान्यांकडं ऊस तोडायला जातात, आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. दाजींच्या वर्गातली पोरं त्याच घरांतली. इंग्रजी पुस्तकात मोठा शब्द आला की वर्ग मान खाली घालायचा. एक दिवस दाजी खडू-फळा सोडून वर्गात अख्खा ऊस घेऊन गेले आणि पहिल्या बाकावर आडवा ठेवला. म्हणाले, "हा एका घासात तोंडात जातो का बे?"

"न्हाई सर."

"मग कसा खाता?"

"कांड्या करून."

"मग शब्दाच्या बी कांड्या करा की! घाबरता कावून?"

त्या दिवसापासून त्यांच्या वर्गात शब्दाला पेरं आली. पेरापेरावर मोडायचं, दर कांडीला टाळी वाजवायची. शब्दाच्या शेंड्याला चिकटलेलं शेपूट म्हणजे उसाचं वाढं. ते आधी छाटायचं. खाली जे टणक उरतं तो बुडखा. खरा अर्थ तिथं असतो. ज्या पोरांनी हातात कोयता धरला होता त्यांना हे एका दिवसात कळलं. तलाठ्याच्या मुलीला आठवडा लागला, हे दाजी अजून अभिमानानं सांगतात. पोरं दिवाळीला जायची, वर्ग रिकामा व्हायचा, पाच महिन्यांनी काळी होऊन परत यायची. धडे, कविता, सगळं विसरलेलं असायचं. पण दाजींनी फळ्यावर शब्द लिहिला की टाळ्या बरोबर पडायच्या. दाजी म्हणायचे, "बाकी काय शिकवलं ते गेलं वाहून. तोडायचं तेवढं राहिलं."

मधल्या त्या पाच महिन्यांत दाजी रिकाम्या बाकांसमोर काय करायचे, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निवृत्तीच्या कागदावर साधं 'रिटायरमेंट' लिहिलं असतं तर माझा पुढचा बराच त्रास वाचला असता. पण त्यावर होतं सुपरॲन्युएशन. दाजी तो कागद घेऊन थेट गिरणीत आले. नणंदही मागून आली, तेव्हा ती धडधाकट होती. दाजींनी काट्यावर टिचक्या मारल्या. सु, पर, ॲन, यु, ए, शन. सहा. "ही झाली कानाची तोड," ते म्हणाले. "आता मुळाची तोड बघा, वैनी. सुपर म्हंजे वर. ॲन्यु म्हंजे वर्ष. एशन हे नुसतं वाढं. कान म्हणतो सहा, मूळ म्हणतं तीनच. कान 'सु' आन् 'पर' यांच्या मधी कोयता हाणतो, मुळाला ते चालत न्हाई. कान 'ए' आन् 'शन' यांची ताटातूट करतो, मूळ म्हणतं, ते जोडीनं आलंय, त्याला तोडू नका."

"मग खरं कुणाचं?" मी पीठ चाळता चाळता विचारलं.

"दोघांचं बी. तेच तर दुखणं हाय."

पुढं त्यांनी असंही सांगितलं की हा शब्द आधी जनावरांना लावायचे. वर्षाच्या वर गेलेलं जनावर. "म्हंजे सरकारनं मला गोऱ्हा ठरवलं बघा."

"गोऱ्हा निदान औताला तरी येतो," नणंद म्हणाली. "ते तुकडे गोळा करा आन् जेवायला चला."

इतक्या वर्षांत दाजींना गप्प करू शकलेली ती एकटीच. त्याच्या जवळपास दुसरं कुणी आलं असेल तर ते आमच्या शेजारच्या गॅरेजचे सलीमभाई. दाजींनी त्यांनाही उभं धरून सहा कांड्या ऐकवल्या होत्या. सलीमभाईंनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी लफ्ज खोलता, आमी इंजन खोलताव. फरक इत्ता हाय, आमी खोललेलं परत बसवून देताव." दाजी दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी परत गॅरेजात गेले आणि तोच शब्द त्यांनी शेंड्याकडून बुडख्याकडं जोडून दाखवला. शन. एशन. युएशन. ॲन्युएशन. तेवढ्या वेळात सलीमभाईंनी एका मोटारसायकलचा क्लच बसवला.

नणंद गेल्यावर हे वाढलं. तोवर दाजी शब्द दिसला तर तोडायचे, आता शोधून तोडू लागले. आणि जास्त करून तो एकच, सुपरॲन्युएशन. एकदा आम्ही एका लग्नाला अंबाजोगाईकडं निघालो होतो. मांजरसुंब्याला बस चहापाण्याला थांबली. मी, माझा नवरा आणि बाकीचे भजी खाऊन वेळेवर गाडीत बसलो. दाजी धाब्याच्या खाटेवर एका ट्रक ड्रायव्हरच्या गुडघ्यावर टिचक्या मारत होते. मी खिडकीतून हाका मारल्या, कंडक्टरनं घंटी वाजवली, बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दाजींनी आमच्याकडं न बघता फक्त हात वर केला, वर्गात दंगा करणाऱ्याला करतात तसा. गाडी निघाली. त्यांची पिशवी आमच्याबरोबर लग्नाला पोचली, ते दोन तासांनी पोचले. माझा नवरा चिडला होता. दाजी मात्र खुशीत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लई भला माणूस होता, वैनी. शेवटच्या कांडीपर्यंत थांबला."

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मी त्यांना थंड झालेली भजी दिली.

दर गुरुवारी ते चकलांब्याहून गेवराईला येतात, दोन किलो ज्वारी दळायला. चकलांब्यात गिरणी नाही का? आहे. त्यांच्या घराला लागूनच एक आहे. पण ते सकाळची गाडी धरतात, माझ्या गिरणीत स्टुलावर बसतात, दळण व्हायला दहा मिनिटं लागतात आणि ते चार तास थांबतात. मी त्यांना भाजी-भाकरी वाढते. दुपारची गाडी आली की पिठाची पिशवी उचलतात आणि दर वेळी दारात थांबून म्हणतात, "या की एकदा चकलांब्याला."

"येऊ की," मी म्हणते.

आपल्याकडं याला कुणी आमंत्रण समजत नाही आणि त्याला कुणी होकार समजत नाही. निघतानाचं बोलणं आहे ते. शिवाय दाजींच्या घरी जाऊन करायचं काय? ज्या घरात बाई नाही त्या घरी कोण जातं? चहा कोण करणार, बसा कोण म्हणणार, उगाच त्या माणसाला त्रास. हे मी स्वतः चारचौघांत बोललेली आहे, आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांचं यावर एकमत आहे. नणंदेच्या तेराव्याला सगळे चकलांब्याला जेवून उठलो, त्यानंतर आमच्यातलं कुणी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तसा रिवाजच आहे.

गेल्या थंडीत, एक दिवस सकाळी, चकलांब्याहून फोन आला. दाजींच्या शेजारी बापूराव नावाचे गृहस्थ राहतात, शेळ्या पाळतात. ते म्हणाले, "ताई, सर उठंनात. अंगात लई ताप हाय. जीप सांगितलीय, बीडला नेतो. तुमी या." दाजींच्या मोबाइलमध्ये पहिला नंबर माझा होता. दुसरा गॅस सिलिंडरवाल्याचा.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा दाजी स्ट्रेचरवर होते, नाकाला नळी. न्यूमोनिया निघाला. खिडकीमागच्या मुलीनं फॉर्म पुढं ओढला. "पेशंटशी नातं?"

"त्यांच्या बायकोच्या भावाची बायको."

"मॅडम, एवढं नाही बसत त्यात. बहीण लिहू?"

"लिही."

"काय करतात? रिटायर्ड ना?"

स्ट्रेचरवरून एक बोट वर आलं. डोळे मिटलेले, श्वास लागलेला, पण बोट ताठ. "सुपर," दाजी नळीसकट म्हणाले. मुलगी घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "रिटायर्डच लिही. बाकीचं त्यांच्या अंगातलं आहे, तापाचं नाही."

चौथ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी भेटायची वेळ झाली की वॉर्ड भरून जायचा. शेजारच्या खाटेवर नेकनूरचे एक आजोबा होते, त्यांच्याकडं रोज नऊ-दहा माणसं यायची, डबे उघडले जायचे, सुना भांडायच्या, कुणीतरी फळवाल्याशी फोनवर घासाघीस करायचं. दाजींच्या खाटेशी स्टुलावर मी, आणि एक दिवसाआड माझा नवरा. बापूराव एकदा येऊन दारातूनच हात हलवून गेले, शेळ्या सोडून आले होते म्हणून. दाजी भिंतीकडं तोंड करून पडायचे.

मग एक सिस्टर इंजेक्शन द्यायला आली. दाजींनी तिच्या कागदावर काहीतरी बघितलं आणि त्यांची बोटं हलली. खाटेच्या लोखंडी दांडीवर टिचकी मारली. "सिस्टर, तुमाला एक शब्द सांगतो. सु. पर. ॲन." तेवढ्यात पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली. "आलेच हं काका," म्हणून ती गेली. दाजींचं बोट दांडीवर तसंच वर राहिलं. मला वाटलं, ते आता उरलेला शब्द मला ऐकवतील. नाही. अर्धा तास तो माणूस तीन कांड्या तोंडात धरून दाराकडं बघत बसला. ती आली, सलाइनची गती बघितली, "काय म्हणत होता काका?" म्हणाली, आणि दाजींनी उरलेल्या तीन टिचक्या मारल्या. यु. ए. शन. ती हसली. जाताना त्यांची चादर नीट करून गेली.

मी गिरणी चालवते, मला गोष्टी उशिरा पण एकदाच कळतात. छोट्या शब्दावर माणूस थांबत नाही. "बरं आहे ना?" म्हणून पुढं जातो. पण सहा तुकड्यांचा शब्द सुरू झाला की भल्या माणसाला दुसऱ्या तुकड्यावर पाठ फिरवता येत नाही. शब्द जितका लांब, तितका वेळ समोर कुणीतरी उभं. आठ वर्षं मी याला खूळ म्हणत होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी आणि नवऱ्यानं वाटेतच ठरवलं. दाजींनी चकलांब्याचं घर बंद करायचं आणि आमच्याकडं राहायचं. खोली होती, भाकरी होती, अडचण काहीच नव्हती. महिनाभर ते आमच्याकडं होते. मुकाट्यानं औषध घ्यायचे. घर बंद करायचा विषय काढला की म्हणायचे, "करू. पण आधी तुमी एकदा येऊन बघा."

"घर काय बघायचं? बघितलंय की."

"तवाचं वेगळं. एकदा या. मग तुमीच कुलूप लावा, मी काय बोलणार न्हाई."

म्हणून एक बुधवार बघून मी गिरणी नवऱ्यावर सोपवली आणि दाजींबरोबर चकलांब्याच्या गाडीत बसले. भांडी बांधायची, धान्य कुणाला द्यायचं ते बघायचं, वीज मंडळाला सांगायचं, अशी कामं मनात लावून ठेवली होती. गाडीत दाजींनी दोनदा खिशातली किल्ली काढून बघितली.

महिनाभर बंद राहिलेल्या घरात धूळ असणारच, पण त्या धुळीखाली घर माझ्या घरापेक्षा नीटनेटकं होतं. भांडी मांडणीवर उतरंडीनं लावलेली. नणंदेचा फोटो, त्याला पुसायचं फडकं शेजारीच खिळ्याला. आणि बाहेरच्या खोलीत दोन लोखंडी खाटा. एकीवर दाजींची वळकटी, चष्म्याची डबी, पुस्तकं. दुसरीवर गादी, उशी, पायाशी घडी केलेली चादर. गादीवर कुणी बसल्याचा दबलेला खळगासुद्धा नव्हता.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची न्हाई. पाव्हण्याची."

"कोण येतं?"

"येत न्हाई कुणी. थांबा, तेवढी चादर बदलतो. दर बुधवारी बदलतो मी, महिनाभर राहिली." त्यांनी पेटीतून धुतलेली चादर काढली. मी विचारलं, बुधवारीच का? ते उशीला अभ्रा घालता घालता म्हणाले, "गुरुवारी मी तुमच्याकडं येतो. निघताना म्हणतो, या. तुमी म्हणता, येऊ. समजा एखाद्या गुरुवारी तुमी माझ्यासंगंच निघाल्या तर? तवा ऐनवेळी धावपळ नको."

दर गुरुवारी मी काय म्हणत होते ते मला चांगलं ठाऊक होतं. मी हातात फडकं घेतलं. दाजींनी ते काढून घेतलं. "तुमी बसा," म्हणाले. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, बापूरावांकडून दूध आणलं आणि चहा-पोहे केले. चहात आलं जास्त झालं होतं आणि साखर कमी. पोहे बरे होते. मी पोहे दोनदा घेतले. मी भांडी बांधायला काढली नाहीत आणि कुलपाचं नाव काढलं नाही, आणि दाजींनीही ते विचारलं नाही.

खाणं आटोपल्यावर ते म्हणाले, "जरा पडा. गाडीला अवकाश हाय."

मी दुपारी झोपत नाही. गिरणीवाल्या बाईला दुपार नसते. पण मी त्या खाटेवर आडवी झाले. चादरीला साबणाचा आणि उन्हाचा वास होता. दाजींनी दार लोटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दिवसभरात त्यांनी एकही शब्द तोडला नव्हता, हे मला पडल्या पडल्या लक्षात आलं. मला खरंच डोळा लागला असावा, कारण नंतर कानावर आला तो बापूरावांचा आवाज, ओट्याखालून, शेळ्यांच्या घोळक्यातून ओरडून, "सर! ओ सर! कवा आलात? बरं हाय का आता?"

आणि मग दाजींचा आवाज आला. त्या माणसाला इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

"हळू बोल बे. घरात पाव्हणे झोपलेत."

बाहेर शेळ्यांची पावलं लांब गेली. गाडीची वेळ होत आली होती. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले.